करकोच्याआधी सोडलेली वेणी

१ मार्च

दवाखान्यातल्या डॉक्टरनं ही वही दिली. म्हणाला, "वेलिका आजी, रोज सकाळी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, वरचा आकडा इथं लिहायचा. आणि आकडा चढला तर त्या दिवशी काय झालं तेही लिहायचं." मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यातलं निम्मं वर्ष कांदे खुरपण्यात गेलं. म्हणाला, आकडे तरी येतात ना? येतात. कोंबड्या मोजणाऱ्या बाईला आकडे यावेच लागतात.

आज १५०. कारण स्तामेन. स्तामेन म्हणजे माझा नातू, सव्वीस वर्षांचा घोडा आणि अक्कल शिंगराची. त्याची आई, म्हणजे माझी मुलगी, जर्मनीत परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. हाही तिकडे कोंबड्या कापायच्या कारखान्यात होता. गेल्या पानगळीत एक दिवस फाटकात येऊन उभा राहिला, आणि महिना झाला नाही तर दक्षिणेच्या डोंगरात जाऊन ही घोडी घेऊन आला. लेस्का. बोरासारखा तांबूस रंग, छाती रुंद, डोळा शहाणा. म्हणाला, "आता इथंच राहणार, आजी. घोडी आहे, गाडी आहे. लाकडं ओढीन, लोकांचे मळे नांगरीन."

मी म्हटलं, राहा की. मला काय, टेबलावर एक चमचा जास्त.

आज मार्च लागला, म्हणजे आमच्याकडे मार्त म्हातारी आली. अंथरुणं बाहेर काढून झोडपली, "मार्त आत, पिसवा बाहेर" म्हणत उंबऱ्यावर झाडू आपटला. घरातली किडामुंगी संपली. मग स्तामेनच्या आणि माझ्या मनगटाला, कोकरांच्या गळ्यात, लाल-पांढरा दोरा बांधला. आता पहिला करकोचा दिसेपर्यंत कुणी काढायचा नाही.

७ मार्च

उद्या संत तोदोर, घोड्यांचा सण. दिवसभर लेस्काच्या आयाळीच्या वेण्या घातल्या. आमच्या गावची रीतच आहे. बारीक वेण्या, मानेलगत घट्ट, वरून लाल लोकर गुंडाळलेली, शेपटीलाही मुळापासून. डोंगरातल्या लोकांना हे येत नाही. ते आयाळ झाडूसारखी मोकळी सोडतात.

स्तामेन म्हणाला, "आजी, फार घट्ट होतायत."

"तुझ्या आईच्याही अशाच घालत होते मी."

"म्हणून तर ती जर्मनीला पळाली."

याच्या जिभेला हाड नाही. कुणावर गेलाय कोण जाणे.

या वेण्याही करकोचा दिसल्यावरच सोडायच्या. जो आधी सोडेल त्याच्या घरातलं एक माणूस सहा मेचा, संत जॉर्जचा दिवस मावळायच्या आत दूर निघून जातं. हसणारे हसतात. पण माझी मुलगी गेली त्या वर्षी शेजारच्या गानाच्या पोरांनी खेळता खेळता आमच्या घोड्याच्या वेण्या सोडल्या होत्या. मी कुणाला दोष देत नाही. सोडल्या होत्या एवढंच लिहिते.

लेस्काच्या आयाळीच्या मुळाशी नदीकाठच्या झुडपातल्या बिया चिकटल्या होत्या, करड्या, चपट्या. दोनचार ओढल्या तर निघेनात. वेणीत दाबून टाकल्या. वर लोकर आली की काय दिसतंय.

८ मार्च

शर्यतीत लेस्का पहिली आली! देवळामागच्या माळावर अख्खं गाव, वर शहरातून आलेले फोटोवाले. मागचे घोडे चिखल खात होते. स्तामेनला बक्षीस म्हणून नवं दावं मिळालं. घोड्याच्या आकाराची पोळी भाजली होती, ती तुकडे करून वाटली. इस्टरआधीचे उपास चालू आहेत म्हणून लोणी नाही, पण कुणी तक्रार केली नाही.

गाना आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काय घोडी आहे गं वेलिका! असं जनावर या गावानं पाहिलं नाही." असं म्हणाली आणि थुंकली नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीन वेळा थुंकायचं असतं, शेंबड्या पोराला कळतं. मी तिच्या वाटचं थुंकले, पण दुसऱ्यानं थुंकलेलं लागू पडतं का?

आकडा १४०. जिंकल्यानं उतरला असणार.

१५ मार्च

लेस्का फाटकाच्या खांबाला मान घासते. घासून घासून एका वेणीची लोकर उसवली. मी झाडू घेऊन गेले, म्हटलं, "शहाणे, करकोच्याआधी वेणी सोडायची नाही हे तुला सांगितलं नाही का कुणी?" लोकर परत गुंडाळली. पहिल्यापेक्षा घट्ट.

रोज नदीकाठच्या कुरणात चरते, गानाच्या म्हाताऱ्या घोड्याबरोबर, दोर्चोबरोबर. दोर्चोला ती बघवत नाही, सारखा चावायला बघतो. मालकिणीवर गेलाय.

२१ मार्च

लेस्कानं चंदी शिल्लक ठेवली. तोबऱ्यात तोंड घातलं आणि तशीच उभी राहिली. कालपरवा तीन गाड्या लाकूड ओढलंय, दमली असेल. स्तामेननं कपाळाला हात लावला. म्हणाला, "आजी, ही तापलीय."

मी म्हटलं, घोडं गरमच असतं, ते काय मासा आहे?

२२ मार्च

तापलीच आहे. कानाची मुळं चुलीसारखी. मान खाली, डोळ्यावर झापड. दहा पावलं चालली की धापते. पाणी पिते, खात नाही.

दृष्ट. दुसरं काय असणार? चुलीतले तीन निखारे वाडग्यातल्या पाण्यात टाकले. पहिला मुलीच्या नावानं, तरंगला. दुसरा जर्मनीला माणसं नेणाऱ्या बसवाल्याच्या नावानं, तरंगला. तिसरा गानाच्या नावानं टाकला तो चर्रकन बुडाला. ते पाणी लेस्काच्या कपाळाला लावलं, उरलेलं दाराच्या बिजागरीवर ओतलं, आणि तशीच कुंपणाशी गेले.

"गाना! बाहेर ये."

"काय गं, कोण मेलं?"

"अजून नाही. माझ्या घोडीवर नजर टाकलीस ना, आता येऊन तुझ्या हातानं उतरव."

"मी? मी कौतुक केलं!"

"थुंकली नाहीस."

"दात नवे आहेत, वेलिका! जोरानं थुंकले तर घोडीच्या अंगावर पडतील!"

तरी आली. आली आणि मनापासून थुंकली, हे कबूल करायला हवं. मग लेस्काचा ओठ वर करून बघत बसली. तिचा नवरा गाडीवान होता, तिला थोडं कळतं. म्हणाली, "वेलिका, हिच्या हिरड्या बघ."

मी पाहिल्या. मेणासारख्या पिवळ्या. हिरडी गुलाबी असते एवढं मलाही कळतं. त्या पिवळेपणात रक्त कुठं दिसेचना.

"तुझा दोर्चो त्याच कुरणात चरतो, त्याला काही झालं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे मी माझ्या घोड्याला वाचवून तुझ्या घोडीवर करणी केली, असंच ना? लिही वहीत!"

लिहिलं.

आकडा १७५. मी घाबरलेली नाही.

२३ मार्च

सकाळी तबेला झाडायला गेले. लेस्का मुतली. गेल्या सालच्या वाइनसारखं, काळपट लाल. पेंढा लाल झाला. मी झाडू टाकून दाराला धरून उभी राहिले. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात मी रक्त धुतलंय, डुकरं कापलीत, मला रक्ताचं काही नाही. पण हे आतून येत होतं, आणि ती जनावर असून माझ्याकडे वळून बघत होती, जणू मीच काहीतरी केलंय.

स्तामेन मागून आला. त्यानं पाहिलं. मग खिशातून फोन काढून अंगणाच्या टोकाला गेला. आधी जनावरांच्या डॉक्टरला लावला, तिकडून उद्या येण्याचं कबूल झालं. मग दुसरा फोन लावला. मी कोबी चिरत होते, खिडकी उघडी होती, मी मुद्दाम ऐकत नव्हते.

"हो... नाही, अजून आहे. पण लाल मुततेय... घोडी गेली तर इथं मी काय करू? आजीच्या कोंबड्या राखू? ...पुढच्या सोमवारच्या बसला जागा ठेव. ठेव म्हणतोय, नक्की नाही."

ती बस. बल्गेरियातली निम्मी गावं तिनंच नेली. पुढच्या काचेवर देवाचं चित्र असतं आणि मागं सगळ्यांची अंथरुणं.

मी कोबी जरा जास्तच चिरला. चार दिवस पुरेल.

२४ मार्च

डॉक्टरीण आली. रालित्सा नाव, स्तामेनपेक्षा वर्ष दोन वर्षांनी मोठी असेल, डोक्यावर पोरासारखे केस. मला वाटलं मदतनीस आहे, डॉक्टर मागून येतोय. म्हटलं, "डॉक्टर कुठंय?"

"मीच, आजी."

"बरं. बाकीचे केस कुठंयत?"

हसली. मग लेस्काजवळ गेली आणि हसणं संपलं. ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, डोळ्याची पापणी उलटी केली, नळीत रक्त घेतलं. पातळ होतं, सरबतासारखं. मांड्यांत, कानात, पोटाखाली हात फिरवत होती.

"गोचीडताप आहे," म्हणाली. "गोचीड चावते, तिच्यातून बारीक किडा रक्तात शिरतो. रक्ताचे तांबडे कण आहेत ना, त्यांच्यात घुसतो आणि त्यांना फोडतो. फुटलेलं रक्त मुतातून जातंय. म्हणून हिरड्या पिवळ्या, म्हणून धाप."

"गोचीड? मार्चमध्ये?" मी म्हटलं. "पोरी, गोचिडी संत जॉर्जनंतर निघतात. आमची आजी सांगायची."

"तुमच्या आजीला एक जात माहीत नव्हती. बर्फ वितळला की ती झुडपाच्या टोकाला येऊन बसते, नदीकाठी."

"मग दोर्चोला का नाही झालं? तो तर त्याच कुरणात म्हातारा झाला."

"म्हणूनच नाही झालं. तो इथंच जन्मला, शिंगरू असताना त्याला होऊन गेलं असणार. किडा अजून त्याच्या रक्तात असेल, पण शरीराला सवय झालीय. ही वर डोंगरातून आलीय, जिथं या गोचिडी नाहीत. हिच्या अंगाला ओळखच नाही."

स्तामेन भिंतीला टेकला. म्हणाला, "मी आणली हिला. मीच आणली."

डॉक्टरीण त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आयाळ सोडा. मानेवर बघायचंय."

मी मध्ये उभी राहिले. "आयाळ करकोच्यानंतर."

"आजी—"

"करकोच्यानंतर म्हटलं ना. कान पाहिलेस, मांड्या पाहिल्यास. गोचीड सापडली? नाही. मग!"

तिनं स्तामेनकडे पाहिलं, स्तामेननं जमिनीकडे. पुढच्या गावात गाय अडली होती, तिला घाई होती. मानेत सुई टोचली. म्हणाली, औषध कडक आहे, तासभर लाळ गाळेल, पोटात दुखेल, घाबरू नका. तीन दिवसांनी पुन्हा टोचायचं, असं चार वेळा. मध्येच सोडलं तर किडा परत उठेल.

मी घरची फळांची दारू, राकिया, पुढे केली. गाडी चालवायचीय म्हणून घेतली नाही. राकिया न घेणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवायचा की नाही हे मला ठरवता येत नाही.

तीच तारीख, पण नंतर

तास कसला! ती गेली आणि लेस्काच्या तोंडातून फेसासारखी लाळ, अंगाला घाम, पोटाकडे वळून वळून बघणं. मग खाली पडली. लोळली. पाय झाडले. स्तामेन तिच्या डोक्याशी बसून "ऊठ गं, ऊठ गं माझी बाय" म्हणत होता. सव्वीस वर्षांचा माणूस. मी त्याला असं बोलताना त्याच्या आईशीसुद्धा ऐकलेलं नाही.

उठली शेवटी. पण मी जे पाहायचं ते पाहिलं. ते औषध नाही, विष आहे.

आकडा लिहीत नाही. यंत्र बिघडलंय, १९० दाखवतंय.

२५ मार्च

आज साप बाहेर निघायचा दिवस. बायका घराभोवती डबे बडवत फिरतात. मीही बडवले असते, पण लेस्का दचकेल. तिनं मूठभर गवत खाल्लं. ताप थोडा कमी. दृष्ट उतरायला लागलीय. गानाचं थुंकणं.

मूत अजून लाल आहे, पण पाणी मिसळल्यासारखं.

२७ मार्च

हे सगळं नीट लिहिते, कारण मला नंतर कुणाला तरी सांगावं लागेल आणि मी तिखटमीठ लावेन.

स्तामेन सकाळीच शहरात गेला. बसवाल्याकडे कागद द्यायचे होते. मला म्हणाला, लाकडाचे पैसे आणायला चाललोय. गाढवा, पासपोर्ट शर्टाच्या खिशातून दिसत होता. जाताना म्हणाला, "आजी, डॉक्टरीण येईल, दुसरी सुई आहे. तिला आत घे."

"घेते."

"शपथ?"

"तुझी शपथ घेऊ का घोडीची?"

डॉक्टरीण आली तेव्हा मी फाटकाला कडी घातली होती.

"आजी, फाटक."

"त्या दिवशी तू गेलीस आणि ती मरायला टेकली होती. आता बरी होतेय. पुन्हा विष नको."

"मी सांगितलं होतं पोटात दुखेल म्हणून."

"दुखेल म्हणालीस. जमिनीवर लोळेल म्हणाली नव्हतीस."

तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला. दमलेली दिसत होती, बुटांना शेण. "ऐका. एका सुईनं ताप उतरतो, किडा मरत नाही. आज नाही टोचलं तर आठवड्यात परत लाल मुतेल, आणि तेव्हा फोडायला तिच्या अंगात तेवढं रक्त उरलेलं नसेल. तुम्हाला ते पाहायचंय?"

मी कडीवरचा हात काढला नाही.

"बरं," म्हणाली. "माझ्यावर विश्वास नका ठेवू. ती आयाळ सोडा आणि आत बघा. काही नसलं तर मी परत येणार नाही. असलं तर फोन करा. मी खालच्या वाडीत आहे, दुपारपर्यंत."

आणि गेली! भांडलीसुद्धा नाही. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं.

मी तबेल्यात गेले. लेस्का उभी होती, मान खाली. वेण्यांची लाल लोकर मळून काळी पडली होती. खांबाला घासून एका ठिकाणची कातडी सोललेली. मी हात लावला तर तिनं मान ताणून माझ्या हातावर टेकवली, इथं खाजव, इथं, असं.

आता लिहिते ते कुणी वाचू नये. करकोचा आला नव्हता. सकाळपासून मी तीनदा विजेच्या खांबावरच्या घरट्याकडे पाहिलं होतं, काटक्याच. सोडली वेणी तर घरातलं माणूस जाणार. आणि घरात आहे कोण? मी जायची ती वर जाईन, बसनं नाही. उरला एकच. आणि त्याचा पासपोर्ट आज शहरात.

नाही सोडली तर घोडी जाईल, आणि घोडी गेली की तो जाईल. कुठूनही मोजलं तरी उत्तर एकच येत होतं.

मेंढ्या कातरायची कात्री घेतली. वेण्या सोडवत बसले नाही, मुळातून कापल्या. एकेक खाली पडत गेली.

बिया नव्हत्या त्या.

वालाच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या, राखाडी, टच्च फुगलेल्या, एकीला एक चिकटून. लोकरीच्या उबेत, माझ्या घट्ट वेणीच्या आड, जिथं खरारा पोचत नाही, खांब पोचत नाही, पाऊस पोचत नाही. मी त्यांना घर बांधून दिलं होतं. एक बोटाखाली फुटली, रक्त मनगटापर्यंत आलं, मार्तच्या दोऱ्यात. पांढरा दोराही लाल झाला. तिचं रक्त. मूत लाल का तेही कळलं आणि हिरड्या पिवळ्या का तेही.

पेंढ्यावरच बसले. मग उठले, शेपटीही कापली. तिथंही होत्या.

मोबाईलवरचे आकडे दिसेनात, चष्मा घरात. कुंपणापाशी जाऊन ओरडले, "गाना! फोन लाव त्या केस कापलेल्या पोरीला! लवकर!"

गाना धावत आली, पायात एकच चप्पल. वेण्यांचा ढीग पाहिला, त्यातल्या हालचाली पाहिल्या, आणि छातीवर क्रूस काढला. "वेलिका... करकोच्याआधी?"

"फोन लाव म्हटलं ना."

लावला. डॉक्टरीण लगेच आली, सुई टोचली. लाळ, घाम, पोट, सगळं परत झालं. या वेळी ती गाडीत बसली नाही, माझ्याशेजारी बादली पालथी घालून बसली आणि घड्याळ बघत राहिली. चिमट्यानं एकेक गोचीड काढून बाटलीत टाकत होती. मी म्हटलं, "किती असतात गं यांच्यात?" म्हणाली, "एक पुरते, आजी."

एक पुरते.

ती निघाली तेव्हा मी राकिया विचारली. गाडी चालवायचीय म्हणाली. मी बाटलीच दिली.

२८ मार्च

स्तामेननं घोडीची भादरलेली मान पाहिली. ढिगाकडे पाहिलं, तो मी अजून जाळला नव्हता.

"तू कापल्यास?"

"नाही, कोंबड्यांनी."

"करकोचा आला नाही, आजी."

"मला माहितेय."

मग म्हणाला, "तू तर वेडी होतीस त्या वेण्यांसाठी." आणि फावडं घेऊन ढीग अंगणाबाहेर नेऊन पेटवला. लोकर जळल्याचा वास घरात भरला. मी विचारलं नाही, कागद दिलेस का. त्यानं सांगितलं नाही.

३१ मार्च

सोमवार. बस सकाळी देवळापाशी थांबते. मी आवाज ऐकला, भोंगा ऐकला. मी भांडी घासत होते. स्तामेनच्या खोलीचं दार बंद होतं. बस गेली. दार उघडलं. तो झोपून उठला होता, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे.

"ती तिसरी सुई आज की काल होती?" म्हणाला.

"काल होती. रविवारीसुद्धा आली ती पोरगी. तू स्वतः धरून उभा होतास."

"मग पुढची परवा." आणि तबेल्यात गेला.

बस दर सोमवारी असते.

मूत पिवळं. साधं पिवळं, वाळल्या गवतासारखं. मी आणि गाना दोघी तबेल्याच्या दारात उभ्या राहून घोडीच्या मुताकडे बघत होतो, जणू इस्टरची मिरवणूक चाललीय.

४ एप्रिल

करकोचा आला! विजेच्या खांबावर उभा राहून चोच वाजवत होता. सगळे बाहेर. मनगटांचे दोरे काढून फुललेल्या आलुबुखाराच्या झाडांना बांधले, आणि सगळ्यांनी आपापले घोडे आणून मोठ्या थाटात वेण्या सोडल्या.

मी जवळ जाऊन पाहिलं. दोर्चोच्या वेण्या नव्या होत्या. लोकर स्वच्छ, परवाच्या पावसाचा एक डाग नाही. पलीकडच्या दोन घोड्यांच्याही तशाच.

"गाना," मी हळूच म्हटलं, "तूही सोडल्या होत्यास."

"गप्प बस! तबेल्याचं दार लावून सोडल्या आणि परत घातल्या. करकोच्याला काय दिसतंय?"

"मग सगळ्यांनीच?"

"तुझी घोडी रस्त्यावर भादरलेली उभी असताना आत बघितल्याशिवाय राहायचा कुणाचा धीर होणार? पाच गोचिडी निघाल्या दोर्चोच्या मानेतून, मेल्या. म्हाताऱ्याला काही झालं नाही, पण मी दोन दिवस जेवले नाही." मग लेस्काकडे बघून म्हणाली, "सैन्यात भरती झाल्यासारखी दिसते. थू, थू, थू."

दात शाबूत राहिले.

मी माझा दोरा काढला नाही. सगळ्यांनी सोडल्या म्हणजे काही शाप वाटून हलका होत नाही. त्यांनी सोडल्या तर त्यांच्या घरातलं माणूस जाईल. माझ्या घरातून जायला एकच आहे.

१९ एप्रिल

शेवटची सुई केव्हाच झाली. डॉक्टरीण तरी येते. आज परत रक्त घेतलं. म्हणाली, तांबडे कण भरत आलेत, पण हलकं काम पुढच्या महिन्यापासून, आणि किडा पूर्ण गेला असं कुणी सांगू शकणार नाही. काही वेळा रक्तात झोपून राहतो. फार राबवलं, उपाशी ठेवलं, की उठतो.

"म्हणजे कायमची भीती," मी म्हटलं.

"कायमची नजर, आजी. भीती नको."

दोन्हीत फरक काय ते तिनं सांगितलं नाही. स्तामेन तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. फाटक वीस पावलांवर आहे, पण त्याला परत यायला चांगलाच वेळ लागला. रस्त्यात काय एवढं मोजत होता देव जाणे.

मी रोज उठल्यावर आधी तबेल्यात जाते, ओठ वर करते, हिरडी बघते, मग चूल. आज गुलाबी. फिकट, पण गुलाबी.

६ मे, संत जॉर्ज

सकाळी उठले तर स्तामेनचं अंथरूण रिकामं. बूट नाहीत. खुंटीवरची निळी पिशवी, जर्मनीतून आणलेली, ती नाही. तबेल्यात गेले. लेस्का नाही.

ओठ वर करायला तोंडच नव्हतं समोर. पालथ्या बादलीवर बसले. कोकरू भाजायला मळून ठेवलेलं मीठ आणि पुदिना हातात तसाच. मला वाटलं घोडी विकली, त्या पैशांनी गेला. रीत खोटी नव्हती. मी कापल्या त्या कापल्याच.

किती वेळ बसले माहीत नाही. गाना हिरव्या फांद्या घेऊन आली. "काय गं, बादलीवर राणीसारखी?"

"पाय दुखतात."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि शेजारी उभी राहिली. गाना बोलली नाही हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग टापा ऐकू आल्या. वरच्या रस्त्यानं, नदीकडून नाही. लेस्का पुढं, दावं सैल, स्तामेन मागून, निळ्या पिशवीतून विलोच्या फांद्या आणि खाजकुइली बाहेर आलेली. दाराला बांधायची हिरवळ. दरवर्षी नदीकाठून आणतात.

"उशीर झाला," म्हणाला. "खालच्या कुरणात गोचिडी असतात ना, म्हणून वरून टेकडीवर गेलो. आजी, अशी का बसलीस? रंग का उडालाय?"

"मिठाचा हात डोळ्याला लागला. इकडे आण तिला."

मान पाहिली, कान पाहिले, मांड्या, शेपटीचं मूळ. आयाळ बोटभर वाढलीय, उभी, टोचते. कानामागं एक सापडली, बारीक, चालत होती. दोन दगडांमध्ये ठेचली. मग ओठ वर केला.

आता दुपार कललीय. कोकरू चुलीत आहे. डॉक्टरीणही जेवायला आलीय, आपणहून नाही, कुणीतरी बोलावलंय, आणि आज गाडी घरीच ठेवून चालत आलीय. आतून हसण्याचा आवाज येतोय. स्तामेन हाक मारतो, "आजी, ये ना आत! बाहेर काय बघतेस?"

"गोचिडी," मी सांगितलं.

फाटकाला कडी घालून मी त्याच्यासमोरच बसलेय, वही मांडीवर. डॉक्टर, आज आकडा मोजलेला नाही, यंत्र आत आहे आणि मी इथून उठणार नाही. संत जॉर्जचा दिवस सूर्य बुडाला की संपतो. नदीपलीकडच्या झाडांपासून तो अजून चांगला हातभर वर आहे. तो गेला की मनगटावरचा दोरा सोडीन आणि जेवायला जाईन.